लोगोआधी पिशवी

लहान दुकानाच्या ‘ब्रँडिंग’ची बोलणी सुरू झाली की पहिला विषय निघतो तो लोगोचा. बुटीक काढणारी बाई असो, घरगुती मसाल्यांचे दुकान थाटणारे जोडपे असो की वडिलांच्या चपलांच्या दुकानाला नवे रूप देऊ पाहणारा मुलगा असो, ‘आधी एक छानसा लोगो करून द्या, बाकीचं मग बघू’ हे वाक्य ठरलेले. डिझायनरही सहसा हरकत घेत नाहीत, कारण लोगोची किंमत सांगणे सोपे असते. तीन नमुने, दोन दुरुस्त्या, एक फाइल, की हिशोब चुकता. या प्रकरणात मात्र उलटी बाजू मांडायची आहे. छोट्या धंद्याची दृश्य ओळख लोगोत फार थोडी असते. गिऱ्हाइकाच्या नजरेला आणि हाताला वारंवार लागणाऱ्या दोन-चार ढोबळ गोष्टींत ती साठत जाते. पाटी, पिशवी, एखादा रंग, एखादे चित्र यांत ती असते, आणि या गोष्टी वर्षानुवर्षे तशाच राहिल्या तरच ती साठते. लोगो शेवटी करावा, आणि पुष्कळ दुकानांनी तो केलाच नाही तरी त्यांचे काही अडणार नाही.

हे जरा धाडसाचे विधान झाले, तेव्हा आधी पुरावा पाहू. लॉस एंजेलिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ८५ विद्यार्थ्यांना त्यांनी ॲपल कंपनीचा लोगो आठवून काढायला सांगितला. जगातल्या सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या चिन्हांपैकी हे एक, आणि या मुलांपैकी बहुतेकांच्या खिशात किंवा दप्तरात ते होतेच. तरी तंतोतंत चित्र फक्त एकाला जमले. एकमेकांशी मिळतेजुळते अनेक नमुने समोर ठेवून ‘यातला खरा कोणता?’ असे विचारले, तेव्हाही निम्म्याहून कमी जणांनी बरोबर बोट ठेवले. घास कोणत्या बाजूला घेतला आहे, पान कुठे झुकते, खाली खाच आहे की नाही, हे मेंदूने जपूनच ठेवलेले नव्हते. ‘चावलेले सफरचंद’ एवढी ढोबळ खूण मात्र उरली होती. २०१७ साली अमेरिकेतल्या एका पाट्या बनवणाऱ्या कंपनीने १५६ लोकांकडून दहा प्रसिद्ध लोगो आठवणीने काढून घेतले. त्यातही आकारांची दैना झाली, पण रंग बहुतेकांचे बरोबर निघाले. अब्जावधी डॉलर खर्चून लोकांसमोर नाचवलेल्या चिन्हांची ही गत असेल, तर डोंबिवलीच्या एखाद्या बुटीकच्या लोगोतले नाजूक वळण कोणाच्या लक्षात राहणार? ज्या वळणावर तीन बैठका झाल्या, ते गिऱ्हाइकाने पाहिलेलेही नसते. त्याच्या डोक्यात उरते ती एका ओळीत सांगता येईल अशी खूण: ‘ते जांभळ्या दाराचं दुकान’, ‘ती मोठ्या बटणाचं चित्र असलेली पिशवी’.

आपल्याकडच्या व्यापाऱ्यांना हे प्रयोगाविना माहीत होते. एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरच्या गिरण्यांचे कापड मुंबई बंदरात उतरे, तेव्हा त्याच्या ताग्यांवर रंगीत छापील तिकिटे चिकटवलेली असत. वाघ, हत्ती, देवदेवता, राजे, बायका, आगगाड्या अशी भडक आणि सुरेख चित्रे त्यांवर असत. माल विणणाऱ्या गिरणीचे इंग्रजी नाव इथल्या गिऱ्हाइकाला वाचता येत नव्हते आणि वाचायची गरजही नव्हती. मागच्या खेपेला ज्या चित्राचे धोतर टिकले, तेच चित्र तो पुन्हा मागे. चित्र बदलले की माल बदलला अशी शंका येई, म्हणून व्यापारी आपल्या तिकिटाला जिवापाड जपत आणि कोणी नक्कल केली तर कज्जे चालवत. खोट्या छापांना आळा घालण्यासाठी हिंदुस्थानात १८८९ साली मर्चंडाइज मार्क्स कायदा झाला आणि व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा पहिला स्वतंत्र कायदा १९४० साली आला. ‘अमुक छाप’ म्हणून वस्तू मागायची आपली सवय याच बाजारात मुरलेली आहे. १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईच्या पुडी-गोळ्यांचा छोटासा धंदा सुरू केला, तेव्हा त्यांनीही ‘हॉर्स ब्रँड’ हे जनावराचेच नाव घेतले आणि पुढे ‘कॅमल’ आणले. कॅम्लिनच्या कंपासपेटीवरचा उंट मराठी शाळकरी पिढ्यांच्या ओळखीचा झाला, तो उंटाचा आणि शाईचा काही संबंध होता म्हणून नव्हे. शाईच्या दुकानात दुसरा उंट नव्हता आणि हा उंट जागचा हलला नाही, म्हणून.

शेवटच्या वाक्यातल्या दोन अटी वेगळ्या काढून पाहण्यासारख्या आहेत. ऑस्ट्रेलियातील एरेनबर्ग-बास संस्थेच्या जेनी रोमानियुक यांनी ब्रँडच्या खुणा मोजण्यासाठी यांच्याशी मिळत्याजुळत्या दोन फूटपट्ट्या सुचवल्या आहेत. खूण पाहून किती लोकांना तुमचे नाव आठवते, ही पहिली. ती पाहून फक्त तुमचेच नाव आठवते की शेजाऱ्याचेही, ही दुसरी. पहिली गोष्ट वेळ आणि पैसा यांनी मिळते, आणि लहान दुकानाजवळ दोन्ही तुटपुंजे असतात. दुसरी गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी फुकट मिळू शकते. गंमत म्हणजे नेमकी तीच हातची घालवली जाते. पैठणीच्या दुकानांचे लोगो पाहा: मोर. दागिन्यांच्या दुकानांचे पाहा: नथ, नाहीतर चंद्रकोर. मराठमोळ्या खाद्यपदार्थांच्या दुकानावर फेटा आणि तुतारी, हस्तकलेच्या दुकानावर वारलीतली हातात हात धरून नाचणारी माणसे, ब्लाउज शिवणाऱ्या बुटीकवर सुईदोऱ्यातून साकारलेली बाईची आकृती. यातले प्रत्येक चित्र सुंदर असू शकते. पण मोर पाहून पैठणी कळते, दुकान कळत नाही. येवल्याच्या एखाद्या रस्त्यावर ओळीने मोर उभे असतील तर तिथे अकरावा मोर बसवणारा आपल्या पैशाने आधीच्या दहांची जाहिरात करत असतो. यावर दुकानदार म्हणतो, ‘पण लोकांना कळायला नको का, आम्ही काय विकतो ते?’ कळायला हवे, पण ते काचेतली साडी सांगते आणि पाटीवरची दुसरी ओळ सांगते. ‘कोणाचे दुकान’ हे सांगण्याची जागा ‘कशाचे दुकान’ या उत्तराने भरून टाकली, की मूळ प्रश्न तसाच राहतो.

कायदाही याच दिशेने जातो. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याचे नववे कलम म्हणते की मालाचा प्रकार, गुण, मूळ ठिकाण अशा गोष्टींचेच वर्णन करणारे किंवा त्या व्यवसायात सर्रास वापरले जाणारे चिन्ह नोंदवून घेता येत नाही. दीर्घ वापराने ते तुमच्याच नावाशी जोडले गेल्याचे सिद्ध केले तर गोष्ट वेगळी. ‘शुद्ध तूप भांडार’ हे नाव किंवा नुसती नथ आपल्या एकट्याच्या मालकीची करता येत नाही, कारण शेजाऱ्यालाही ती वापरण्याचा हक्क आहे. कायद्याच्या दृष्टीने जे कमकुवत, ते स्मरणाच्या दृष्टीनेही कमकुवत असते. मग काय निवडावे? धंद्याशी उघड नाते नसलेली, पण त्या दुकानाशी खरे नाते असलेली वस्तू. दुकान जुन्या घराच्या ओसरीवर असेल तर तिथल्या लोखंडी जाळीची नक्षी, मालकिणीच्या आजीचे शिवणयंत्र असेल तर त्याच्या पायट्याची घडण, दारात कवठाचे झाड असेल तर कवठ. साड्यांच्या बाजारात कवठ दुसऱ्या कोणाकडे नसते. शिवाय ‘कवठ का हो?’ असे कोणीतरी हमखास विचारते, आणि तेवढ्याने दुकानाचे नाव त्या माणसाच्या डोक्यात एक इंच खोल जाते.

आता पाटी. महाराष्ट्रात पाटी ही निव्वळ आवडीनिवडीची बाब नाही. दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, आणि मराठी देवनागरी पाटीची सक्ती दहापेक्षा कमी कामगार असलेल्या लहान दुकानांनाही लागू झाली. मराठी अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत, हीही अट आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली. त्यानंतर अनेक दुकानांनी जे केले ते रस्त्यावर आजही दिसते. इंग्रजी लोगो डौलात मध्यभागी आणि मराठी नाव कुठल्यातरी तयार फाँटमध्ये कडेला चिकटवलेले, दंड टाळण्यापुरते. डिझायनरनेही मूळ काम रोमन लिपीतच केलेले असते. देवनागरी हे त्याच्या लेखी भाषांतर.

ही चूक कशी घडते ते एका नावावर पाहू. समजा दुकानाचे नाव ‘कस्तुरी’ आहे आणि पाटीवर अक्षरांसाठी दोन फूट उंचीची जागा आहे. रोमन मोठ्या अक्षरांत हे नाव लिहिले तर सातही अक्षरे एकाच उंचीची होतात आणि दोनच्या दोन फूट भरून काढतात. देवनागरीत त्याच दोन फुटांत तीन मजले बसवायचे असतात. वर ‘री’च्या वेलांटीचा गोल शिरोरेषेच्याही वर जातो, खाली ‘स्तु’चा उकार लोंबतो आणि मधल्या मूळ अक्षरांच्या वाट्याला निम्म्याहून थोडी जास्त उंची येते. कागदावर दोन्ही ओळींची उंची सारखी, पण रस्त्याच्या पलीकडून मराठी नाव खुजे दिसते. मग कारागीर ते जाड करतो. जाड केल्यावर उकाराच्या आतली पोकळी बुजते, अर्धा ‘स’ ‘त’ला चिकटतो आणि दुरून ‘स्तु’च्या जागी एक काळा गोळा दिसतो. दर दहा फूट अंतराला एक इंच अक्षर हा पाट्यांच्या धंद्यातला ढोबळ हिशोब रोमन अक्षरांसाठी ठीक आहे. जोडाक्षरे, वेलांट्या आणि उकार असलेल्या नावाला त्याहून बरेच जास्त लागते. उपाय अवघड नाही, पण तो आधी करावा लागतो. देवनागरी नाव प्रथम आखायचे, शिरोरेषा कुठे बसेल ते ठरवायचे, वरची वेलांटी चौकटीबाहेर थोडी जाऊ द्यायची आणि उरलेल्या जागेत रोमन नाव लहान घ्यायचे. खरे तर शिरोरेषा ही देवनागरीने दिलेली आयती देणगी आहे. सबंध नाव एका पट्टीला टांगलेले असते. ती पट्टी पाटीभर पुढे ओढा, पिशवीच्या कडेला फिरवा, बिलाच्या माथ्यावर घ्या, आणि कोणतेही चित्र न काढता दुकानाला एक खूण मिळते.

हातांनी पाट्या रंगवणाऱ्या पेंटरच्या काळात हा प्रश्न आपोआप सुटे. तो खडूने रेषा आखून आधी शिरोरेषा मारी आणि जागा कमी पडली तर अक्षर दाबून, वेलांटी वळवून सांभाळून घेई. प्रत्येक पाटीला एका माणसाच्या हाताचे वळण येई. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींतली नावे अशीच एकेक हाताने घडवली. नाव वाचायच्या आधीच नाटकाची जात कळावी, अशी ती अक्षरे होती. पण म्हणून जुन्या पाट्यांच्या आठवणीत रमायचे कारण नाही. पुष्कळ पाट्या ओबडधोबड होत्या, आणि फ्लेक्स आला तो स्वस्त आणि झटपट होता म्हणूनच टिकला. बिघडले ते इतकेच, की शहरातल्या सगळ्या फ्लेक्सवाल्यांच्या संगणकात तेच पाच-सहा फाँट असतात आणि सगळ्या दुकानांचा आवाज एक होतो. आज ‘एक टाइप’सारख्या मुंबईच्या अक्षरशिल्पींनी ‘मोदक’सारखे गुबगुबीत फाँट मोफत खुले केले आहेत, लोकल गाड्यांच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घडवलेला ‘यात्रा वन’ही मोफत मिळतो. ते वापरावेत. पण मोफत फाँट सर्वांना मोफत असतो. त्यात नाव टाइप करून थांबण्याऐवजी एखाद्या सुलेखनकाराकडून फक्त आपल्या नावाची तीन-चार अक्षरे काढून घेतली, तर तो खर्च लोगोच्या खर्चाहून जास्त होत नाही, आणि ती अक्षरे दुसऱ्या कोणाच्या पाटीवर सापडत नाहीत.

याच ओघात एक तक्रार करून टाकतो. अनेक किराणा आणि मोबाइलची दुकाने आपली सर्वांत मोलाची जागा, म्हणजे दर्शनी पाटी, एखाद्या शीतपेयाच्या किंवा सिमकार्डाच्या कंपनीला फुकट देऊन टाकतात. कंपनी बोर्ड मोफत बसवून देते, त्यावर चारपंचमांश भाग तिचा आणि कोपऱ्यात दुकानाचे नाव. गल्ल्यावर पैसे घेण्याच्या क्यूआर कोडचा जो स्टँड असतो तोही पेमेंट कंपनीच्या रंगात. गिऱ्हाईक खरेदीच्या शेवटच्या क्षणी, खिशातून फोन काढून, टक लावून पाहते ते दुसऱ्याच कंपनीच्या नावाकडे. तोच कोड आपल्या रंगाच्या पुठ्ठ्यात बसवायला फारसे पैसे लागत नाहीत.

पाटी जागेवर राहते, पिशवी गावभर फिरते. म्हणूनच या प्रकरणाच्या शीर्षकात ती आहे. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली आणि त्याच वर्षी २३ जूनपासून कारवाई सुरू झाली. दुकानदारांची तेव्हा तारांबळ उडाली खरी, पण त्यातून एक गोष्ट नकळत घडली. पारदर्शक, निनावी, एकदा वापरून फेकायच्या पिशवीची जागा कापडी आणि कागदी पिशवीने घेतली, आणि त्या पिशव्या घरात टिकतात. बऱ्या कापडी पिशवीतून पुढे डबा जातो, लायब्ररीची पुस्तके जातात, भाजी येते. बुटीकमधून घेतलेली साडी आहेर म्हणून दिली जाते, तेव्हा ज्या बाईने ते दुकान कधी पाहिले नाही तिच्या हातात आधी पिशवी येते आणि मग साडी. एवढे असून पिशवी ही बहुतेक दुकानांत सर्वांत शेवटी, घाईत, छापणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेली वस्तू असते.

पिशवीपासून सुरुवात करण्याचे एक तांत्रिक कारणही आहे, आणि ते रंगाशी निगडित आहे. संगणकाच्या पडद्यावर निवडलेला रंग प्रकाशातून बनलेला असतो. तो मागून दिवे लावलेल्या फ्लेक्सवर बराचसा तसाच दिसतो, चकचकीत व्हिजिटिंग कार्डावर थोडा मंद होतो आणि तपकिरी क्राफ्ट कागदाच्या पिशवीवर पार मरतो. पिवळा तिथे दिसतच नाही, फिका गुलाबी मातकट होतो, आकाशी राखाडीकडे झुकतो. तग धरतात ते गडद निळा, काळा, मरून, गर्द हिरवा आणि जाड थरात दिलेला पांढरा. शिवाय स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला स्वतंत्र चौकट लागते, म्हणजे रंग वाढला की खर्च वाढला आणि दोन रंग एकमेकांवर नीट न बसण्याची शक्यताही वाढली. म्हणून ज्या वस्तूवर रंगाची सर्वांत जास्त फरफट होते तिच्यावर आधी तो तपासायचा. क्राफ्ट पिशवीवर एका रंगात जे उठून दिसेल ते पाटीवर, कार्डावर आणि फोनवर दिसतेच. उलट दिशेने गेले की फसगत ठरलेली. पडद्यावर मोहक दिसलेला, पाच छटांत विरघळत जाणारा लोगो पिशवीवर येताना ठिपक्यांचा धब्बा होतो, आणि मग ‘पिशवीसाठी वेगळा लोगो करू’ अशी तडजोड निघते. तिथेच एका दुकानाच्या दोन ओळखी झाल्या. मोठ्या कंपन्या रंगाचा क्रमांक ठरवून जगभर तोच छापून घेतात. लहान दुकानाने क्रमांकाच्या भानगडीत न पडता चांगली छापली गेलेली एक पिशवी जपून ठेवावी आणि पुढच्या प्रत्येक छापणाऱ्याला ‘याच्याशी जुळवा’ असे सांगावे. शब्दांत सांगितलेला ‘मरून’ प्रत्येक छापखान्यात वेगळा असतो.

फोनबद्दल थोडक्यात. व्हॉट्सॲप किंवा इन्स्टाग्रामवर दुकानाची ओळख एका नखाएवढ्या वर्तुळात मावावी लागते. तिथे पूर्ण नाव, ब्रीदवाक्य आणि स्थापनेचे वर्ष कोंबले की काहीच वाचता येत नाही. एका रंगाच्या पिशवीसाठी जे चित्र किंवा अक्षर निवडले तेच तिथे चालते, त्यामुळे ही कसोटी बहुधा आपसूक पार पडते.

आता हरकती. पहिली हरकत जुन्या, मुरलेल्या दुकानदारांची: ‘आमचा माल हीच आमची ओळख. चेहरा बघून लोक येतात.’ ही हरकत खरी आहे आणि तिला हलके लेखू नये. पुण्यातल्या पाट्यांवरचे ‘आमची कोठेही शाखा नाही’ हे वाक्य याच आत्मविश्वासाचे आहे, आणि नीट पाहिले तर तेही ओळखीचेच काम करते. नकली दुकाने निघण्याइतके नाव झाले आहे, हे ते सांगते. पण माल आणि चेहरा यांच्यावरची ओळख गल्लीच्या हद्दीत आणि मालक गल्ल्यावर बसलेला असेपर्यंत चालते. फराळाचा डबा पुण्याहून ठाण्याला मुलीकडे गेला आणि तिच्या शेजारणीला चिवडा आवडला, तर तिच्यापुढे ना दुकान असते ना मालक. असतो फक्त डबा. त्यावर काहीच नसेल तर कौतुक ‘पुण्याच्या चिवड्या’चे होते. दुसरी वेळ येते पुढची पिढी बसते तेव्हा. चेहरा बदलतो, आणि तेव्हा जुन्या पाटीचे वळण, तोच बांधायचा कागद, तोच दोरा यांच्या आधारावर गिऱ्हाईक नव्या माणसाला जुना विश्वास देते. माल वाईट असेल तर मात्र या कशाचाही उपयोग नाही, उलट तोटाच होतो. चांगल्या खुणेमुळे वाईट अनुभवही पक्का लक्षात राहतो.

दुसरी हरकत तरुण मालकांची, विशेषतः कपड्यांच्या धंद्यातल्या. फॅशन दर सहा महिन्यांनी बदलते, मग दुकानाचे रूप वर्षानुवर्षे तेच कसे ठेवायचे? गिऱ्हाईक कंटाळणार नाही का? इथे २००९ सालचे ट्रॉपिकानाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. पेप्सिको कंपनीने अमेरिकेत या संत्र्याच्या रसाच्या खोक्याचे रूप बदलले. नळी खुपसलेले संत्रे काढून रसाने भरलेला ग्लास छापला, नावाची अक्षरे उभी केली. रस तोच, किंमत तीच. दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे २० टक्क्यांनी घसरल्याचे प्रसिद्ध झाले आणि कंपनीने जुने खोके परत आणायचे जाहीर केले. गिऱ्हाइकांना नवे रूप कुरूप वाटले असेलही, पण मुख्य अडचण अशी होती की फळीवर त्यांना आपला रस सापडेना. ट्रॉपिकाना अजस्र आहे, तिच्यावरून बुटीकचे काय सिद्ध होते, असे कोणी म्हणेल. मोजलेली घसरण छोट्या दुकानाला जशीच्या तशी लागू होत नाही, हे मान्य. तिथे गिऱ्हाईक फळीवर धावती नजर टाकत नसते, मालकिणीशी बोलते. पण फरक दुसऱ्या बाजूनेही पडतो. ट्रॉपिकाना रोज कोट्यवधी लोकांच्या नजरेस पडत होती आणि चूक दुरुस्त करायला तिच्याजवळ पैसा होता. बुटीकचे गिऱ्हाईक वर्षातून तीन-चारदा येते. तेवढ्याच भेटींत खूण रुजायची असते, आणि दर वर्षी रूप बदलले तर प्रत्येक भेट पहिलीच ठरते. कंटाळा येतो तो मालकाला, कारण तो ती पाटी रोज बारा तास पाहतो. बदलायचे ते काचेतले कपडे, सणाची सजावट, फोटो. ते खुशाल दर पंधरवड्याला बदलावे, मागचा रंग आणि वरची अक्षरे तीच ठेवून.

तिसरी हरकत डिझायनरांची, आणि ती रास्त आहे. एक रंग, एक चित्र, नीट लिहिलेले नाव आणि ते न बदलण्याचा संयम एवढेच काम असेल, तर आम्हाला पैसे कशाचे? फोनवरच्या तयार साच्यांतून लोगो तर कोणीही बनवतो. मला वाटते, याचे उत्तर साच्यांच्या अटींतच आहे. अशा सेवांतली चित्रे सर्वांना वापरायला खुली असतात, म्हणून त्यांतून बनलेल्या चिन्हावर एकट्याचा हक्क सांगता येत नाही, आणि अनेक सेवा त्याची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी करायला मनाईही करतात. डिझायनरचे खरे काम रेखाटण्याच्या आधीचे असते. त्याच बाजारातल्या पंचवीस दुकानांच्या पाट्यांचे फोटो काढून कोणते रंग आणि चित्रे आधीच घेतलेली आहेत ते पाहायचे, दुकानात आपोआप साठलेली एखादी खूण हुडकायची, आणि मालकाला काय करू नये ते सांगायचे. त्याने हातात द्यायची वस्तूही लोगोच्या फाइलपेक्षा वेगळी हवी: पाटी, पिशवी, बिल आणि डबा यांवर काय कुठे येईल याचे एक पान, छापखान्याला दाखवायचे नमुने आणि मूळ अक्षरांच्या फाइली.

या फाइलींवरून होणारे भांडण टाळायचे असेल तर एक कागद आधीच करून घ्यावा. पैसे दिले म्हणजे चित्र आपले झाले, अशी दुकानदारांची समजूत असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार बाहेरच्या स्वतंत्र चित्रकाराकडून करून घेतलेल्या लोगोची मालकी साधारणपणे चित्रकाराकडेच राहते. ती हस्तांतरित व्हायला लेखी, सहीचा करार लागतो. त्या करारात मुदत लिहिली नसेल तर पाचच वर्षांची धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरता. म्हणजे मस्कतला किंवा न्यू जर्सीला फराळ पाठवणाऱ्याने ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे दोन शब्द त्यात असल्याची खात्री करावी. त्यानंतर व्यापारचिन्हाची नोंदणी. २०१७ च्या नियमांनुसार व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गासाठी ४,५०० रुपये शुल्क आहे, इतरांना ९,०००. नोंदणी दहा वर्षे चालते आणि पुढे दर दहा वर्षांनी नूतनीकरण करता येते. वस्तू आणि सेवांचे एकूण ४५ वर्ग आहेत. तयार कपडे २५ व्या वर्गात येतात आणि किरकोळ विक्रीची सेवा ३५ व्या, त्यामुळे स्वतःच्या नावाने कपडे शिवून विकणाऱ्या बुटीकला बहुधा दोन्ही अर्जांचा विचार करावा लागतो. अर्ज शक्यतो नावाचा वेगळा आणि चित्राचा वेगळा करावा, दोन्ही एकत्र बांधून करू नये. पुढे कधी नावाची अक्षरे थोडी बदलली, किंवा कवठाच्या जागी दुसरे काही घ्यायची पाळी आली, तर नावाच्या नोंदणीला धक्का लागत नाही.